घरातल्या बोर्डाला विचारून केलेली खरेदी : चाळीस हजारांत ऑफिस आणि गेम

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या रामबाग भागातल्या एका मराठी कुटुंबाच्या जुन्या कॉम्प्युटरचे. घरच्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून मांडतो आहे. वहिनी पुण्यातल्या एका कंपनीचे पगारपत्रकाचे काम घरून करतात. दिवसभर एक्सेलच्या जड फाइली, कंपनीचे व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेले पंधरा-वीस टॅब आणि मधूनमधून व्हिडिओ मीटिंग. संध्याकाळी काम संपले की तेच मशीन मुलाकडे जाते. तो नुकताच कॉलेजात गेला आहे. त्याला व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळायचा असतो, शिवाय मोठ्या नकाशांचे, चित्रांनी जड झालेले गेमही हवे असतात. दादांनी पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा सांगून टाकली : ₹४०,०००, आणि हप्ते अजिबात नाहीत.

कॉम्प्युटर २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला. एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), ८ जीबीची एकच रॅम पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) आणि १०८० पिक्सेलचा साधा मॉनिटर. जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस होता. वीज गेली की तो क्षणात मान टाकायचा.

जुलै २०२५ मध्ये वहिनींना ऑफिसातून पत्र आले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता आणि त्यानंतर विंडोज ११ नसलेल्या मशीनला व्हीपीएनवर प्रवेश मिळणार नव्हता. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटचे एक वाढीव वर्ष देऊ केले होते, पण कंपनीला ते चालणार नव्हते. अशा रीतीने खरेदीला तारीख मिळाली.

अडचण

घरात तिघांच्या तीन तक्रारी होत्या. वहिनी म्हणत, “महिनाअखेरीची फाइल उघडायला लावली की मी चहा ठेवून येते.” मुलगा म्हणे, “काका, गेम अडखळतो, ग्राफिक्स कार्ड हवं.” आणि विंडोज ११ ची तपासणी सांगे, हा प्रोसेसर चालणार नाही. सगळ्यांना मिळून वाटत होते की मशीन म्हातारे झाले, दुसरे घ्यावे.

मुलगा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून एक कोटेशन घेऊन आला. “जुना सेट द्या, वर अठ्ठावीस हजार द्या, आय-५ चा गेमिंग पीसी घेऊन जा.” १६ जीबी रॅम, ४ जीबीचे कार्ड, काचेचे कॅबिनेट, चार रंगीत पंखे. कागदावर ‘आय-५’ लिहिले होते, पिढी लिहिलेली नव्हती. पूर्ण नंबर विचारायला लावला तेव्हा कळले, चौथ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर आणि जीटी ७३० कार्ड. जीटी ७३० हे २०१४ चे कार्ड. त्यात ४ जीबी मेमरी असली तरी आजचे गेम ओढण्याची ताकद नाही. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर तर विंडोज ११ च्या यादीतच नाही. म्हणजे अठ्ठावीस हजार देऊन ऑक्टोबरची अडचण जशीच्या तशी राहिली असती आणि हाताशी असलेला चांगला बोर्डही गेला असता. दुकानदार खोटे काही बोलला नव्हता. त्याने पूर्ण नंबर तेवढा सांगितला नव्हता. इथे पहिला निर्णय झाला. पूर्ण मॉडेल नंबर लिहून दिल्याशिवाय कुठल्याच वस्तूचा भाव धरायचा नाही.

आधी मोजणी

खरेदीच्या चर्चेआधी मी वहिनींचा एक कामाचा दिवस मागून घेतला. टास्क मॅनेजर उघडा ठेवून त्यांनी नेहमीसारखे काम करायचे आणि मशीन अडखळले की त्या क्षणी कुठला आकडा वर आहे ते वहीत टिपायचे.

वहीतून जे निघाले ते कोणाच्याच अंदाजाप्रमाणे नव्हते. प्रोसेसर क्वचितच पूर्ण भरत होता. डिस्क मात्र दर अडखळीला १०० टक्क्यांवर. कारण रॅममध्ये होते. विंडोज दाखवत होते : ८ जीबी, त्यातली वापरण्यायोग्य ५.९ जीबी. २२००जी मध्ये ग्राफिक्स आतच असते, त्याला स्वतःची मेमरी नसते, म्हणून बायोसने (बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने) २ जीबी त्याच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवली होती. उरलेल्या सहात विंडोज, एक्सेल, ब्राउझर आणि मीटिंग मावत नव्हते. जे मावत नाही ते विंडोज हार्ड डिस्कवर लिहून ठेवते, आणि फिरती डिस्क त्या कामात फार मंद असते.

मग माझ्याकडची ८ जीबीची एक पट्टी रिकाम्या जागेत उसनी लावली. वहिनींचे काम त्याच संध्याकाळी हलके झाले. खरा धक्का मुलाला बसला, कारण व्हॅलोरंटही सुधारले. आतले ग्राफिक्स मुख्य रॅमवरच जगते. एक पट्टी असली की ती एकाच वाहिनीतून वाचली जाते. दोन असल्या की दोन वाहिन्या मिळतात आणि मेमरीची रुंदी दुप्पट होते. या उसन्या पट्टीने पुढची सगळी चर्चा सोपी केली. कार्डच आधी हवे असा हट्ट धरलेला मुलगा स्वतःहून म्हणाला, “काका, रॅम आधी घेऊ, कार्ड नंतर.” तोंडी समजावून हे झाले नसते.

तक्रारी तीन होत्या तशी कारणेही तीन वेगळी निघाली. ऑफिसच्या कामाला रॅम आणि डिस्क कमी पडत होती, जड गेमना ग्राफिक्स, आणि विंडोज ११ ला प्रोसेसर. एकाच मशीनची तक्रार म्हणून पैसा टाकला असता तर यातले एखादे तरी कारण तसेच राहिले असते.

पर्याय

लॅपटॉपचा विचार लगेच मागे पडला. या रकमेत ऑफिसपुरता लॅपटॉप येतो, गेमचा येत नाही.

दुसरा पर्याय नव्या पायाचा : एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), डीडीआर५ रॅम. पुढे अनेक वर्षे प्रोसेसर बदलता येईल हा त्याचा खरा फायदा. पण बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर नवे घेतल्यावर कार्डाला पैसा उरत नव्हता. तिसरा, इंटेलचा आय३-१२१००एफ आणि एच६१० बोर्ड. हा स्वस्त आणि चांगला मेळ आहे. घरात काहीच नसते तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. पण इथे बोर्डाचे साडेसहा-सात हजार वेगळे जात होते.

चौथा पर्याय म्हणजे बी४५० बोर्ड तसाच ठेवणे. एएम४ सॉकेटची हीच मोठी गोष्ट आहे : बायोस बदलला की २०१८ च्या या चिपसेटवर रायझन ५००० मालिकाही चालते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर किमान कुठला बायोस हवा तेही लिहिलेले असते. आमच्या बोर्डासमोर रायझन ५ ५६०० होता. विंडोजचे डिजिटल लायसन्सही मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेले असते, त्यामुळे बोर्ड राहिला तर तोही खर्च वाचतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण अनेकजण फसतात. २२००जी च्या नावात २००० चा आकडा आहे आणि विंडोज ११ च्या यादीत रायझन २००० मालिका आहे, तरी हा प्रोसेसर त्यात नाही. तो एएमडीच्या झेन या रचनेच्या पहिल्या आवृत्तीवरचा आहे. त्याच मालिकेतला २६०० झेन प्लस या सुधारित आवृत्तीवरचा, म्हणून तो यादीत आहे. नावावरून पिढी ठरवू नये.

प्रोसेसर आणि कार्ड

प्रोसेसरमध्ये तीन नावे होती. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आत आहे, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी. ५५०० मध्येही १६, आणि ग्राफिक्स नाही. ५६०० मध्ये ३२ एमबी, सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, ग्राफिक्स नाही. कार्ड कधीच घ्यायचे नसते तर ५६००जी योग्य ठरला असता. कार्ड घ्यायचे ठरल्यावर आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला द्यायचे? ५६०० ठरला. मात्र त्याने एक अट घातली : कार्डाशिवाय तो पडद्यावर काहीच दाखवू शकत नाही, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी बसायला हवेत.

सर्वात जास्त वेळ कार्डाने घेतला. मुलाच्या मनात आरएक्स ६५०० एक्सटी होते. नवे, नावाजलेल्या कंपनीचे आणि खिशाला परवडणारे. त्याचे परीक्षणांतले आकडे त्याला पाठ होते. पण हे कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनने (डेटाच्या वाटांनी) बोलते आणि त्या चार लेन पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या ४.० आवृत्तीच्या धरून बनवल्या आहेत. बी४५० वर ३.० आहे. तिथे तोच रस्ता निम्म्यावर येतो, सेकंदाला जेमतेम ४ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच आहे. ती भरली की उरलेले सगळे त्याच अरुंद रस्त्याने मुख्य रॅममधून आणावे लागते आणि गेम झटके देऊ लागतो. नव्या बोर्डावर जे कार्ड ठीक, ते या बोर्डावर अर्धवट. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि मुलाला गेम रेकॉर्ड करायचे होते.

उरली दोन. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी रूप ७० वॅटमध्ये चालते, वेगळी पॉवर केबल लागत नाही. म्हणजे जुना एसएमपीएस चालून जाईल, हा मोह होता. आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी, १३२ वॅट, आठ पिनांची एक केबल. चांगला एसएमपीएस घ्यावाच लागतो. ते आठ लेनचे आहे, त्यामुळे ३.० वर थोडेच कमी होते, आणि वेगात ३०५० च्या बरेच पुढे आहे.

तुलना त्यामुळे कार्डाची कार्डाशी राहिली नाही. एका बाजूला ३०५० आणि जुना एसएमपीएस, दुसऱ्या बाजूला ६६०० आणि नवा एसएमपीएस, अंतर सुमारे आठ हजारांचे. निकाल जुन्या एसएमपीएसने लावला. तो उघड्यावर काढून पाहिला : वजनाला हलका, लेबलवर ‘४५० वॅट’, पण १२ व्होल्टच्या वाटेवर किती अँपिअर याचा उल्लेख नाही, कुठलेही ८० प्लस, म्हणजे वीज वाया न घालवण्याचे, प्रमाणपत्र नाही. ज्या मशीनवर घरचा पगार येतो त्याखाली असा एसएमपीएस आणखी पाच वर्षे ठेवणे मला पटले नाही, कार्ड कुठलेही असो. तो बदलायचाच असेल तर ३०५० चा फायदाच संपतो. ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस आणि ६६०० ठरले.

वापरलेल्या कार्डांचाही विचार झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी मायनिंग बंद पडल्यावर तशी कार्डे बाजारात पुष्कळ आली. दादांनी नकार दिला, आणि वॉरंटीचे बिल हाती असण्याला या घरात जे मोल आहे ते पाहता तो बरोबरच होता.

क्रम

जुलैतच तीन गोष्टी घेतल्या. यूपीएसची फक्त बॅटरी बदलली (₹१,१००). नवा १००० व्हीएचा यूपीएस सुचवला गेला होता, पण ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. नव्या मशीनचे गेममधले ओझे मॉनिटरसकट त्याच्या आत बसते. बॅटरी सर्वांत आधी घेण्याचे कारण वेगळे होते. पुढे बायोस अपडेट करायचा होता, ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि इंदूरच्या पावसाळ्यात वीज कधी डोळा मिचकावेल याचा नेम नसतो. लेझर प्रिंटर त्याच दिवशी यूपीएसवरून काढून थेट भिंतीच्या प्लगवर दिला. गरम होताना तो जेवढा करंट ओढतो तेवढा हा यूपीएस पेलत नाही.

दुसरी गोष्ट ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० मेगाहर्ट्झ (₹३,६००). तिसरी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क (₹३,१००). विंडोज १० तिच्यावर नव्याने टाकले, मात्र यूईएफआय या नव्या बायोस पद्धतीने आणि डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची करून. जुनी मांडणी लेगसी प्रकारची होती. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्रॅम चालू देणारी सोय) दोन्ही मागते, आणि लेगसी मांडणीवर सिक्युअर बूट चालू होत नाही. हे आत्ताच करून ठेवल्याने सप्टेंबरचे काम निम्मे झाले.

दुसरा टप्पा पगाराच्या चक्राने ठरवला. महिन्याचा शेवटचा आठवडा आणि पहिला आठवडा मशीनला हात लावायचा नाही, ही वहिनींची अट. गणपती झाल्यावरचा शनिवार, १३ सप्टेंबर, ठरला. मध्येच एका दुकानदाराने सांगितले, “२२ तारीख तक रुक जाओ, जीएसटी कम हो रहा है.” थांबावे का, असे दादांनी विचारले. २२ सप्टेंबरपासून दर बदलणार होते हे खरे, पण प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएस आधीही १८ टक्क्यांतच होते आणि नंतरही तिथेच राहणार होते. थांबून काही मिळणार नव्हते, उलट ऑक्टोबरची तारीख जवळ आली असती. प्रोसेसर ₹१०,२००, कार्ड ₹२०,४००, एसएमपीएस ₹४,१००. तिन्हींच्या बिलांवर सीरियल नंबर लिहून घेतले.

प्रत्यक्ष बदल

कंपनीच्या अटीमुळे डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद होती. या दिवसातला सर्वांत नाजूक मुद्दा हाच. एएमडीच्या बोर्डांवर टीपीएम प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये असते. प्रोसेसर बदलला की बोर्ड सुरू होताना विचारतो, जुने टीपीएम पुसू का? पुसले की कुलपाची किल्ली गेली. हाताशी ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर डेटा कायमचा बंद. म्हणून आधी की छापून कपाटात ठेवली, मग बिटलॉकर तात्पुरते थांबवले आणि त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हर उचलला.

बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट केला. नवा आधी बसवला असता तर जुन्या बायोसने त्याला ओळखलेच नसते. पेन ड्राइव्ह, बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची फाइल, यूपीएस भरलेला. काम शांतपणे पार पडले.

प्रोसेसर काढताना घाई टाळावी लागते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि सुकलेल्या पेस्टमुळे कूलर ओढला की तो सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम केली, कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवून सोडवला. मुलाने हे स्वतः केले. ५६०० च्या खोक्यातला कूलर लावला, कार्ड बसवले आणि मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डाला लावली. ही शेवटची गोष्ट विसरून पडदा काळा दिसला म्हणून मशीन परत दुकानात नेणारी माणसे मी पाहिली आहेत.

मग टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमचा ३२०० चा वेग बायोसमध्ये चालू केला आणि विंडोज ११ वर अपग्रेड केले. रविवारी बिटलॉकर पुन्हा सुरू करून वहिनींनी व्हीपीएन जोडून पाहिले. ते जोडले गेले.

निष्पत्ती

एकूण खर्च ₹४२,५००. जुना प्रोसेसर ₹२,५०० ला एका विद्यार्थ्याने घेतला, तेव्हा घरातून गेले बरोबर ₹४०,०००. महिनाअखेरीची फाइल आधी चार मिनिटांच्या आसपास घ्यायची. आता अर्ध्या-पाऊण मिनिटात उघडते. यातला बहुतेक फरक जुलैतल्या रॅम आणि एसएसडीने पडला, प्रोसेसरने फेरगणनेचा वेळ कमी केला. मॉनिटर जेवढे दाखवू शकतो तेवढे मुलाचे गेम सुरळीत चालतात. गेम चालू असताना यूपीएसची वायर काढून पाहिली. सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो, आणि तेवढाच हवा होता.

एक अडचण नंतर उभी राहिली. खोली वरच्या मजल्यावरची, वर पत्रे. गेममध्ये पंखे ओरडू लागले. कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून तोच गेम चालवला तर तापमान ठळकपणे उतरले, म्हणजे दोष कूलरचा नसून हवा आत न येण्याचा. पुढे १२० मिलिमीटरचा एक पंखा बसवला आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. धुळीची जाळी महिन्यातून एकदा धुण्याचे काम मुलाकडे आहे.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा मुद्दा रॅमचा. बोर्डावर रॅमच्या दोनच जागा आहेत. जुलैत १६-१६ च्या दोन पट्ट्या घ्यायला आणखी तीनेक हजार लागले असते, आणि ती रक्कम तेव्हा कार्डासाठी राखून ठेवली होती. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्याने चढले. तोच १६ जीबीचा संच डिसेंबरात दुपटीच्या पुढे गेला. वहिनींचे काम आज १६ मध्ये भागते, पण मीटिंग आणि दोन मोठ्या फाइली एकत्र उघडल्या की आकडा चौदाच्या वर जातो. दोनच जागा असलेल्या बोर्डावर रॅम घेताना पुढच्या तीन वर्षांचा आकडा धरून घ्यावी, आणि त्यासाठी कार्ड एखादा महिना लांबले तरी चालेल, असे मला आता वाटते.

पंख्याचे पैसे पहिल्या यादीतच धरायला हवे होते. पत्र्याखालची खोली आणि माळव्याचा मे महिना दोन्ही आम्हाला माहीत होते.

या बोर्डावर पुढे प्रोसेसर वाढवायला आठ कोरचे रायझन ५००० उरले आहेत. त्यानंतर मात्र बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर एकत्रच बदलावे लागतील. कार्ड, एसएमपीएस आणि एसएसडी त्या नव्या बोर्डावरही चालतील, म्हणून त्यांची खोकी आणि बिले दादांनी जपून ठेवली आहेत.